आल्प्सच्या उत्तरेला प्रबोधन पोहोचले कसे?

प्रश्न – जुनी_वही

शाळेत आपण शिकलो तो क्रम असा : १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले, ग्रीक पंडित ग्रंथ घेऊन इटलीत आले, तिथे प्रबोधन घडले आणि 'मग ते युरोपभर पसरले'. या शेवटच्या वाक्यात शंभर वर्षे गुंडाळलेली आहेत. उत्तरेकडच्या लोकांनी इटलीची केवळ नक्कल केली, की त्यांचे स्वतःचे काही होते?

प्रतिसाद – चित्रवेडा

आधी एक दुरुस्ती. कॉन्स्टँटिनोपलचा पंडित क्रिसोलोरास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला तो १३९७ मध्ये, म्हणजे १४५३ च्या कितीतरी आधी.

नकलेचे म्हणाल, तर फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमच्या) व्हॅन आइक या चित्रकार बंधूंचे गेंट शहरातले वेदीचित्र (चर्चच्या वेदीमागे लावायचे चित्र) १४३२ मध्ये पूर्ण झाले, आणि तैलरंगांतली ती चमक तेव्हा इटलीत कोणालाच साधलेली नव्हती. पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या सावकारी पेढीच्या, फ्लँडर्समधल्या ब्रूज शाखेचा कारभारी पोर्तिनारी याने तिथल्याच ह्यूगो व्हॅन डर गूस या चित्रकाराकडून येशूजन्माचे एक भलेमोठे वेदीचित्र करवून घेतले, ते १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोहोचले. त्यातले मेंढपाळ पाहा : राकट हात, उघडी तोंडे, पडलेले दात, आणि पुढ्यात काचेच्या पेल्यात ठेवलेली फुले. दोनच वर्षांनी फ्लॉरेन्सचा चित्रकार गिर्लांदायो याने त्याच धाटणीचे मेंढपाळ स्वतःच्या चित्रात आणले. देवघेव दोन्ही बाजूंनी चालू होती. इटलीला झुकते माप देण्याची सवय आपल्याला नंतरच्या चरित्रकारांनी लावली, असे माझे मत आहे.

प्रतिसाद – लाकडी_ठसा

वरच्या प्रतिसादात छापखाना राहिला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा, चित्रकार ड्यूरर दोनदा इटलीला गेला, आणि व्हेनिसहून १५०६ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात, इथे मला सभ्य गृहस्थासारखा मान मिळतो, घरी मात्र मी आयतोबा ठरतो, अशी त्याने तक्रार केली. तरीही तो परतला, कारण त्याची खरी मिळकत लाकडी ठशांवरून छापून काढलेल्या चित्रांची होती, आणि ती चित्रे जत्रेत-बाजारातही विकली जात.

त्याचा १५१५ चा गेंडा आपल्याला जवळचा आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला हा प्राणी गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. ड्यूररने तो कधी पाहिलाच नाही. कोणीतरी धाडलेले वर्णन आणि कच्चे रेखाटन यांवरून त्याने चिलखतासारखी कातडी काढली आणि मानेच्या मागे एक जादा शिंगही बसवले! पुढे कित्येक पिढ्या युरोपने गेंडा तसाच असतो असे मानले.

जुनी_वही

मनःपूर्वक आभार. मग हंगेरीत मात्याश राजाने एवढे ग्रंथालय उभारूनही तिथे प्रबोधन रुजले का नाही?

प्रतिसाद – चित्रवेडा

मात्याशचे लग्न १४७६ मध्ये नेपल्सच्या बेअत्रिचेशी झाले आणि बुडा या त्याच्या राजधानीतल्या दरबारात इटालियन विद्वान व कारागीर येऊ लागले. पण फ्लॉरेन्समध्ये हाताने लिहून, रंगवून घेतलेली ती पुस्तके राजाची होती. न्यूरेंबर्ग वा बासेलला पुस्तक विकत घेणारे व्यापारी आणि वकील होते, तसा गिऱ्हाईकवर्ग बुडात फारसा नव्हता. १४९० मध्ये राजा वारला, खर्च थांबला, पुस्तके उसनी म्हणून गेली ती आलीच नाहीत. उरलेल्यांपैकी बरीच १५२६ मध्ये तुर्की सुलतान सुलेमान इस्तंबूलला घेऊन गेला. त्यांतली काही १८७७ मध्ये तिथल्या सुलतानाने बुडापेस्टला परत पाठवली.