२००० नंतरचं सोल संगीत: खरं श्रेय कुणाला द्यायचं?

फोंडेकर:
फोंड्याला दीड तासाची श्रवणबैठक ठरते आहे. विषय २००० नंतरचं सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चगीतांतून आणि ब्लूजमधून आलेलं गाणं. येणाऱ्यांचे कान नाट्यसंगीतावर आणि जुन्या हिंदी गाण्यांवर तयार झालेले. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस बहुतेकांना माहीत आहे. तिच्यापलीकडे कुणाचं नाव घेतलंच पाहिजे? नुसती यादी नको, कान कुठे लावायचा तेही सांगा.

बारीटोन_मडगाव:
एमीपासूनच सुरुवात करा, पण बोट तिच्या मागे बसलेल्यांकडे दाखवा. तिच्या 'बॅक टू ब्लॅक' अल्बममधली (२००६) निर्माता मार्क रॉन्सनने घडवलेली गाणी घ्या. त्यांत ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या वाद्यवृंदाचे वादक आहेत. त्याच अल्बममधली दुसरा निर्माता सलाम रेमी याची गाणी वेगळ्या वादकांची. लोक सगळंच डॅप-किंग्जच्या नावावर खपवतात, तेवढं टाळा. ड्रम्सवर होमर स्टाइनवाइस. स्नेअर (खाली तारा लावलेला, कडक आवाजाचा छोटा ड्रम) कोरडा, आवाज लगेच तुटतो.

हा वाद्यवृंद मुळात गायिका शॅरन जोन्सचा. ती एकेकाळी न्यूयॉर्कमधल्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात रक्षक होती. पहिला अल्बम २००२ मध्ये आला, तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती. २०१६ मध्ये ती गेली. गायक चार्ल्स ब्रॅडलीचं तर त्याहून उशिरा: जुना सोल गायक जेम्स ब्राउनच्या नकला करून पोट भरणाऱ्या या माणसाचा पहिला अल्बम २०११ मध्ये आला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

पण खरं श्रेय द्यायचं तर माझं मत गेब्रियल रॉथला. या सगळ्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या डॅपटोन कंपनीचा सहसंस्थापक, बॉस्को मॅन या नावाने बेस वाजवणारा, गाणी लिहिणारा आणि ध्वनिमुद्रणही करणारा. आठ ट्रॅकच्या टेपवर काम करायचं म्हणजे तीन ब्रास वादक एकाच ट्रॅकवर जातात. ट्रम्पेट जास्त वाजला तर नंतर कमी करता येत नाही. वादकालाच दोन पावलं मागे उभं करायचं आणि पुन्हा घ्यायचं. म्हणून तोल खोलीतच साधलेला असतो. शंकर-जयकिशनचा वाद्यमेळ बांधणारे आपले सेबॅस्टियन डिसोझा किती जणांना आठवतात? रॉथचंही तेच.

लय_बिलय:
बारीटोनबाब, डॅपटोनचं काम उत्तम, पण ते साठच्या दशकाची घडी पुन्हा बसवणारं. २००० नंतरचं नवं सोल म्हणायचं तर अमेरिकन गायक डीअँजेलोचा 'वूडू' अल्बम (२०००) हवाच. क्वेस्टलव्हचे ड्रम्स, पिनो पॅलाडिनोचा बेस आणि त्या ठेक्यामागे हिप-हॉप निर्माता जे डिलाची छाप. डिला ड्रम मशीनवर ठोके यंत्राकडून सरळ करून न घेता हाताने पडतील तसे ठेवायचा. ध्वनिमुद्रक रसेल एलेवाडो, तोही टेपवालाच.

ऐकवताना श्रोत्यांना दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायला सांगा. टाळी आधी पडते, बेस मागून येतो. तबलजींना समजवावं लागणार नाही.

ब्रिटिश गायक मायकल किवानुका (२०२० चा मर्क्युरी, म्हणजे ब्रिटनमधला अल्बमसाठीचा पुरस्कार) शेवटी एका गाण्यापुरता पुरे. ॲरन फ्रेझर मात्र वगळू नका, गायक ड्युरँड जोन्सच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवता वाजवता उंच पट्टीत गातो.

फोंडेकर:
दोघांचे आभार. शेवटी दोन गाणी प्रत्यक्ष वाजवायचा बेत आहे. ड्रम्स, बेस, गिटार, ट्रम्पेट, टेनर सॅक्स मिळतील. तो कोरडा आवाज कसा आणायचा?

बारीटोन_मडगाव:
बेसला फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा आणि ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी. टोनचं बटण अर्ध्याच्या खाली. स्नेअरवर दुमडलेला रुमाल टेपने चिकटवा, बेस ड्रममध्ये उशी. माइक दोनच: एक बेस ड्रमला, एक ड्रमरच्या उजव्या खांद्यावरून स्नेअरकडे रोखलेला. गिटारने दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर छोटा तोडका कॉर्ड द्यायचा आणि लगेच तारांचा आवाज थांबवायचा.

बिघडतं ते सवयीमुळे. लग्नाच्या आणि हॉटेलच्या बँडमध्ये वाजवणारा ड्रमर दर चार आवर्तनांनी फिल (ठेका सोडून भरलेला तुकडा) आणि क्रॅश (मोठ्या झांजेचा ठोका) टाकतो. क्रॅश सिंबल काढूनच ठेवा. साउंडवाल्याला रिव्हर्ब (यंत्राने दिलेली घुमक) बंद करायला सांगा, हॉलची घुमक तशीही असतेच.

लय_बिलय:
'वूडू'सारखा ठेका करणार असाल तर मागे राहायचं एकानेच. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ७५० मिलिसेकंदांचा. बेस साधारण २० ते ३० मिलिसेकंद उशिरा पडला की पुरे. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) सरळच हवा. ड्रमर आणि बेस दोघेही मागे रेलले तर लयच उतरते आणि गाणं झोपतं. तालमीत मेट्रोनोम फक्त दोन-चारवर लावा.

आणि पावसाळ्यात बैठक असेल तर सॅक्सचे पॅड दमट होऊन चिकटतात. सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली धरून हलकेच दाबा, थोडा वेळ थांबा, पॅड उचला आणि मग कागद काढा. पावडर लावू नका.