पोल्ट्री शेडमधला अमोनिया मोजायला स्वस्तातला सेन्सर कुठला? एमक्यू-१३५ चालतो का?

शेडवरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. आमचं विट्याजवळ ब्रॉयलरचं शेड आहे, पाच हजार पक्ष्यांचं, कंपनीच्या करारावर. मी डिप्लोमाला आहे, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), शेवटचं वर्ष, तर म्हटलं प्रोजेक्ट असा करू की घरी पण उपयोगाला येईल. थंडीत पिल्लं लहान असताना पडदे खाली असतात आणि पहाटे शेडमध्ये गेलं की डोळ्यातनं पाणी येतं एवढा अमोनिया साचलेला असतो. पप्पा म्हणतात नाकाला कळतंय की, मशीन कशाला. पण रात्री दोन वाजता कुणाचं नाक शेडमध्ये असतंय?

माझ्याकडे ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) आहे, रिले मॉड्यूल (बोर्डाने चालू-बंद होणारा स्विच) आहे. बजेट सेन्सरसाठी दीड हजार, फार तर दोन. एमक्यू-१३५ सगळीकडे दिसतो, पण कुणी म्हणतं चांगला, कुणी म्हणतं खेळणं आहे. एमक्यू-१३७ खास अमोनियाचा आहे म्हणे पण तो बराच महाग. मला पीपीएममध्ये (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आकडा पाहिजे आणि एका लेव्हलच्या वर गेला की फॅन चालू व्हायला पाहिजे. काय घेऊ?

ब्रेडबोर्ड_बंड्या

एमक्यू-१३५ घे रे, दीडशेच्या आत मिळतो, यूट्यूबवर कोड आहे, कॉपी पेस्ट कर, झालं काम. अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, छताला लाव म्हणजे लवकर पकडेल.

गरम_सोल्डर

बंड्या, "झालं काम" एवढं सोपं असतं तर हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुणी विचारलाच नसता.

पोरा, नीट वाच, थोडं लांब आहे. एमक्यूचे सगळे सेन्सर आतून एकाच जातीचे. टिन ऑक्साइडचा थर, त्याला आतून हीटर. गरम थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटून बसलेला असतो, गॅस आला की तो ऑक्सिजन खातो आणि थराचा रेझिस्टन्स उतरतो, आपण मोजतो तो हा रेझिस्टन्स. आता तो ऑक्सिजन अमोनियाने खाल्ला का दारूच्या वाफेने का धुराने, हे सेन्सरला कळत नाही. १३५ च्या डेटाशीटमध्ये (बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात) अमोनिया १० ते ३०० पीपीएम असं लिहिलंय पण त्याच पानावर बेन्झिन, अल्कोहोल, धूर पण आहे. तुझ्या शेडमध्ये सॅनिटायझर फवारला की आकडा वर. म्हणून पीपीएम हा शब्द १३५ च्या बाबतीत जरा जपून वापरायचा. कल मात्र तो बरा दाखवतो, म्हणजे काल रात्रीपेक्षा आज जास्त का कमी, आणि तुझ्या फॅनला तेवढं बऱ्यापैकी पुरतं.

१३७ खरंच अमोनियाचा आहे, ५ ते ५०० पीपीएम, पण तो पण टिन ऑक्साइडच, त्यामुळे दमटपणाला तो पण नाचतो. पैसे असतील तर घे, नसतील तर १३५ वर प्रोजेक्ट अडत नाही. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर खरा आकडा देतात पण त्यांची किंमत तुझ्या बजेटच्या कितीतरी बाहेर आणि शिवाय दोनेक वर्षांत आतलं रसायन संपतं, परत नवा घ्या. घरच्या शेडला परवडत नाही.

आता मुख्य गोष्ट जी यूट्यूबवाले सांगत नाहीत. मॉड्यूल आलं की उलटं करून बघ, एसएमडी रेझिस्टर असतात, त्यातला ए-ओ (आउटपुटचा) पिन आणि ग्राउंडच्या मध्ये जो आहे तो लोड रेझिस्टर, ह्याच्यावरचं व्होल्टेज आपण वाचतो. पॉवर न देता मल्टिमीटरने मोज. बहुतेक मॉड्यूलवर त्याच्यावर १०२ छापलेलं असतं म्हणजे १ के, हजार ओहम. १३५ ला डेटाशीट २० के सांगतं. सेन्सर स्वतः स्वच्छ हवेत दहापट-शंभरपट जास्त के मध्ये असतो, त्यापुढे १ के लावला की आउटपुट तळाशीच लोळत राहतं, आणि ईएसपी३२ चा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) तळाच्या ०.१ व्होल्टच्या आसपास आंधळाच आहे, तो सरळ शून्य दाखवतो. लोक म्हणतात सेन्सर खराब निघाला. अरे सेन्सर ठीक असतो, तो १०२ काढून २२ के लाव आणि मग बघ.

शेडवरचा_पोरगा

दादा हे भारी सांगितलं. आमच्या लॅबमध्ये एक १३५ पडलेला होता, बघितलं तर १०२ च छापलंय आणि रीडिंग खरंच ० ते ४० च्या मध्ये घुटमळतंय. सर म्हणत होते मॉड्यूल गेलं. पण २२ के लावल्यावर आउटपुट ३.३ च्या वर नाही का जाणार?

गरम_सोल्डर

जाणार, ५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, म्हणून व्होल्टेज डिव्हायडर (दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करायची जोडणी) लागतोच. पण इथे पण एक गोम आहे. सगळे १० के आणि २० के चा डिव्हायडर लावतात. तो ३० के तुझ्या २२ के ला समांतर येतो आणि लोड रेझिस्टर होतो पावणेतेराच्या आसपास, मग सगळा हिशोब चुकतो. १०० के आणि २०० के लाव, मग तो साडेवीसच्या जवळ राहतो, आणि एडीसीच्या पिनला ग्राउंडशी ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर टाक म्हणजे रीडिंग थरथरणार नाही. कोडमध्ये लोड रेझिस्टर साडेवीस धर.

वायफाय वापरणार असशील तर एडीसी-१ चेच पिन घे, ३२ ते ३९ मधले, वायफाय चालू असताना एडीसी-२ चालत नाही. एडीएस१११५ (वेगळी एडीसी चिप) घेतलास तर अजून सरळ, पण तो ३.३ वर चालवलास तर डिव्हायडर तिथे पण लागणार.

तूस_आणि_तापमान

मी पोल्ट्रीवाला, इलेक्ट्रॉनिक्समधलं घंटा कळत नाही, पण शेडचं सांगतो.

पहिलं म्हणजे छताला लावू नका. अमोनिया हलका आहे हे पुस्तकात बरोबर आहे पण तो तयार होतोय लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या ओल्या तुसातनं, आणि पक्ष्याचं नाक असतंय जमिनीपासनं वीतभर वर. पक्षी जी हवा घेतोय ती मोजायची. लिटरपासून फूटभर उंचीवर लावा, पडद्याच्या फटीसमोर नको, पाण्याच्या लाइनखाली नको, बुखारीजवळ (ऊब द्यायच्या शेगडीजवळ) तर अजिबात नको. ब्रूडिंगला (लहान पिल्लांना ऊब द्यायच्या काळात) बुखारी किंवा गॅस ब्रूडर असेल तर पहिले आठ-दहा दिवस हा सेन्सर धूरच मोजत बसणार, वरच्या दादांनी सांगितलंच आहे.

दुसरं, नाकावर जाऊ नका हे खरं. पप्पांना सांगा की रोज शेडमध्ये राहणाऱ्याचं नाक मरतं. पाहुणा आला की तो शिंकतो आणि आपण म्हणतो कुठंय वास. पक्ष्याला २५ पीपीएमच्या खाली ठेवा असं सगळे सांगतात, डोळे चुरचुरायला लागले म्हणजे त्याच्या वर गेलं असं समजा. ५० च्या वर राहिलं की पक्ष्याचे डोळे, श्वासाची नळी, वजन सगळ्यावर परिणाम.

तिसरं, फॅन हा शेवटचा इलाज. निपल (पक्ष्यांची पाणी प्यायची तोटी) गळतंय का बघा, गळणाऱ्या लाइनखाली तुसाचा गोळा झालेला असतो, तो उचलून बाहेर टाका, लिटर दिवसाआड हलवा. तुमचा सेन्सर हजार रुपयाचा असू दे नाहीतर लाखाचा, लिटर ओलं असेल तर तो नुसता बोंबलत राहणार.

मीटरवाली

आकडा पाहिजेच असेल तर त्याला एक स्वस्त मार्ग आहे. अमोनियाच्या टेस्ट स्ट्रिप मिळतात, पीएच पेपरसारख्याच, हायड्रियनच्या मिळतात. डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब लावायचा, सेन्सरच्या शेजारी १५ सेकंद धरायची आणि डबीवरच्या रंगाशी जुळवायचं, ० ५ १० २० ५० १०० अशा पायऱ्या असतात. नळाचं पाणी वापरू नका, त्याचाच पीएच मध्ये येतो. आता पहाटे, दुपारी, पडदे उघडल्यावर, असं वेगवेगळ्या वेळी स्ट्रिप आणि सेन्सरचं रीडिंग शेजारी शेजारी वहीत लिही, सोबत तापमान आणि आर्द्रता. दोन्ही बाजूला लॉग (लॉगरिदम) घेऊन ग्राफ मारलास की साधारण सरळ रेघ येते, ती तुझ्या शेडची, तुझ्या सेन्सरची. ती डेटाशीटवरनं उचललेल्या आकड्यांपेक्षा कितीतरी खरी. आणि व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं कॅलिब्रेशन कसं केलं तर दाखवायला वही आहे.

नवीन सेन्सर आधी एक-दोन दिवस सलग पॉवरवर ठेव, त्याशिवाय घेतलेलं रीडिंग धरू नको. स्वच्छ हवेचं रीडिंग शेडपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला घे, घराच्या ओट्यावर नको, तिथे चुलीचा धूर.

अळिंबीवाला

मध्येच घुसतोय, माफ करा. मी धिंगरी अळिंबी लावतो, खोलीत कार्बन डायऑक्साइड बघायचाय. १३५ च्या वेबसाइटवर लिहिलंय की तो कार्बन डायऑक्साइड पण मोजतो. चालेल?

मीटरवाली

नाही. टिन ऑक्साइडला कार्बन डायऑक्साइड जवळजवळ दिसतच नाही, कोडच्या लायब्ररीतला तो आकडा नुसतं गणित आहे. तुम्हाला इन्फ्रारेडवाला पाहिजे, एमएच-झेड१९ किंवा एससीडी४०. महाग आहेत, पण तुमचं पीक त्याच्यावर आहे. झेड१९ घेतलात तर ऑटो कॅलिब्रेशन आधी बंद करा. तो धरून चालतो की दिवसात कधीतरी हवा ४०० पीपीएमपर्यंत उतरतेच, तुमच्या बंद खोलीत ती कधीच उतरत नाही, मग तो हळूहळू ९०० लाच ४०० म्हणायला लागतो. वेगळा धागा काढा, इथे कोंबड्या आहेत 😄

तपकीर_गल्ली

घ्यायचं कुठे ते पण सांगतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे १३५ शंभर-दीडशेत सहज. दुकानात उभं राहून घेतलं तर एक फायदा, पाच व्होल्ट लावून बोटाने बघता येतं, मिनिटभरात सेन्सरची डबी कोमट झाली पाहिजे, नाही झाली तर हीटर गेलेला. मीटर असेल तर हीटरच्या दोन पायांमध्ये तीसेक ओहम यायला हवेत. विट्याहून एवढ्यासाठी येणं परवडणार नाही, ऑनलाइन मागवा, पण एक नको, दोन मागवा, शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन सेन्सर कधीच एक आकडा दाखवत नाहीत, ते नॉर्मल आहे, पण एक वर जाताना दुसरा खाली जात असेल तर एक बाद.

मी पण पोल्ट्रीसाठी बॉक्स बनवून दिलेत. बॉक्सच्या फटी सिलिकॉनने बुजवू नका!! सिलिकॉनच्या वाफेने टिन ऑक्साइड कायमचं बधिर होतं, डेटाशीटमध्ये पण लिहिलंय. हॉट ग्लू वापरा. भोकं बॉक्सच्या खालच्या बाजूला, त्यावर मच्छरदाणीची जाळी, तुसाची धूळ ब्रशने आठवड्याला झाडायची. आणि ईएसपी शेडच्या बाहेर किंवा वेगळ्या बंद डबीत, अमोनिया तांबं खातो, वायरची टोकं हिरवीनिळी झालेली बघितलीत की कळेल.

शेडवरचा_पोरगा

सगळ्यांना थँक्यू, एवढं उत्तर मिळेल वाटलं नव्हतं. दोन १३५, स्ट्रिप आणि एक आर्द्रतेचा सेन्सर असं धरून दीड हजारात बसतंय. आता दोन शंका. शेड शंभर फूट लांब आहे, ईएसपी ऑफिसच्या खोलीत आणि सेन्सर मध्यावर आणि टोकाला ठेवून नुसती लांब वायर ओढली तर? घरात जुनी नेटवर्कची केबल आहे. आणि लाइट गेली की काय? आमच्याकडे रात्रीची जातीच.

गरम_सोल्डर

वायर नको ओढूस, हिशोब करून बघ. नेटवर्कच्या केबलची एक तार मीटरला ०.०८ ओहमच्या आसपास. शंभर फूट म्हणजे ३० मीटर, जायचे आणि यायचे मिळून ६०, म्हणजे ५ ओहम. हीटर एकटा १५० मिलिअँपिअर घेतो. झाला पाऊण व्होल्टचा ड्रॉप, हीटरला मिळाले सव्वाचार. हीटर थंड म्हणजे रीडिंग खोटं, आणि तू म्हणशील अमोनिया कमी झाला. प्रत्येक सेन्सरजवळ एक ईएसपी आणि एक मोबाइलचा चार्जर ठेव आणि ईएसपी-नाऊ ने (ईएसपींचं आपसातलं वायरलेस) आकडा ऑफिसमधल्या ईएसपीला पाठव. राउटर पण लागत नाही.

लाइट गेली आणि परत आली की सेन्सर पहिली काही मिनिटं उगाच जास्त दाखवतो, गार पडलेला असतो म्हणून. कोडमध्ये सुरुवातीची दहा मिनिटं सेन्सरचं ऐकू नको. पण त्या दहा मिनिटांत फॅन बंद पण ठेवू नको. फॅन टायमरवर ठेव, दर अमुक मिनिटाला थोडा वेळ चालणारच, सेन्सरने फक्त जास्त वेळ चालवायचा, कमी कधीच नाही. सेन्सर मेला, वायर उंदराने खाल्ली, आकडा शून्य आला, तरी टायमर चालला पाहिजे. पाच हजार पक्षी शंभर रुपयाच्या डबीवर सोडायचे नसतात.

तूस_आणि_तापमान

टायमरला १००%. आणि पिल्लं लहान असताना फॅन जास्त वेळ नको, गारठतात. पहिल्या आठवड्यात अमोनियापेक्षा थंडीने मर जास्त होते. वयाप्रमाणे टायमर बदलायची सोय ठेव, मोबाइलवरनं बदलता आलं तर सोन्याहून पिवळं.

शेडवरचा_पोरगा

ते करतो, वय टाकायला एक पेज बनवतो. शेवटचं, फॅन अर्धा एचपीचे सिंगल फेजचे दोन आहेत, निळ्या रिले मॉड्यूलवर डायरेक्ट लावू का? १० अँपिअर लिहिलंय त्याच्यावर.

तपकीर_गल्ली

नको. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट खेचते, त्या निळ्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटून बसतात आणि फॅन बंदच होत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट स्विचची) २३० व्होल्टची कॉइल चालवायची, फॅन कॉन्टॅक्टरवर, मध्ये एमसीबी. गावातल्या वायरमनला बोलवून ते कनेक्शन त्याच्याकडून करून घे, आणि एक सिलेक्टर स्विच टाकायला सांग, ऑटो आणि मॅन्युअल, म्हणजे पप्पांना पाहिजे तेव्हा हाताने फॅन लावता येईल.