आडवा विचार की आडवी उत्तरं?

गणोबा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, "आडव्या विचाराची (लॅटरल थिंकिंगची) कोडी म्हणजे शुद्ध फसवणूक. उत्तर आधी माहीत असेल तो हुशार." दहाव्या मजल्यावरचा माणूस लिफ्टने सातव्यापर्यंतच जातो, त्या कोड्यावर राग असेल तर मंजूर. तो बुटका आहे, वरच्या बटणापर्यंत हात पोचत नाही, हे कशावरून ओळखायचं? पण हा प्रश्न घ्या: टपाल खात्याच्या गोवा विभागात १९८४ साली एक कचेरी उघडली, तिथे औषधालाही नारळ नाही. कुठली? नारळ नाही म्हणजे जागा गोव्याबाहेर. मग गोवा का? बंदर! १९८१ ची पहिली अंटार्क्टिका मोहीम मार्मागोव्याहूनच निघाली. उत्तर: दक्षिण गंगोत्री, भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं केंद्र.

ठाणेकरीण: आणि मोहीम कुठून निघाली हे ठाऊक नसेल तर? शेवटी पाठांतरच की! कॉलेजात फायनलला आमचं चपखल बसणारं उत्तर क्विझमास्टरने "माझ्या कार्डावर नाही" म्हणून उडवलं. अजून डोकं फिरतं.

पोफळी: म्हणजे अंटार्क्टिकाचं पोस्टही आमच्या गोव्याचंच! तिथे पेंग्विनांच्या शेजारी पत्र पोचतं आणि मी खुद्द पणजीत राहून कुरियरवाला विचारतो, "जवळची खूण सांगा." पिनकोडचे सहा आकडे काय शोभेला आहेत?

पोस्टमनपुत्र: कुरियरचा राग पोस्टावर काढू नका. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोड आखला. संस्कृत कवी माणूस! त्याआधी "वडगाव, जि. पुणे" एवढंच लिहिलेलं पाकीट आलं की वडील कपाळाला हात लावायचे. बुद्रुक, खुर्द, मावळ की शेरी?

ठाणेकरीण: विषय कोड्यांचा होता. पोस्टाचा इतिहास कुणी मागितला?

पोस्टमनपुत्र: ज्यांना फायनल हरल्याचं दुःख वर्षानुवर्षं गोंजारायचंय, त्यांनी वाचू नये.

पोफळी: भांडू नका. ९ ने सुरू होणारा पिनकोड कुठल्या राज्याचा?

ठाणेकरीण: कुठल्याच नाही. एवढ्या थाटात विचारताय म्हणजे राज्य नसणारच. गाव न सांगता पत्र कुणाला धाडतात? लष्कराला. पलटण हलती, शिवाय ठिकाण पाकिटावर छापून कसं चालेल?

गणोबा: पाठ होतं?

ठाणेकरीण: नाही, आत्ता काढलं. झालं समाधान? मिरवू नका, दहातला एखादाच प्रश्न असा निघतो.

पोस्टमनपुत्र: वडगाव धायरी राहिलं.