शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती धावताना: दिशा कुठली, हाक कशी, नमस्कार किती?

नवी_फेरी:
येत्या सोमवारपासून शिवाजी पार्कला धावायला सुरुवात करायची आहे. वेळ सकाळी सव्वासहा ते सव्वासात, वेग साधारण किलोमीटरला ६ मिनिटं, जागा कट्ट्याबाहेरचा फुटपाथ. त्या वेळेला तिथे चालणारी ज्येष्ठ मंडळी भरपूर असतात. त्यांना आपला त्रास होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून तीन गोष्टी विचारते. फेरी कुठल्या दिशेने घ्यावी? पुढे तिघं-चौघं ओळीने चालत असतील तर त्यांना न दचकवता पुढे कसं जायचं? आणि ओळख नसलेल्यांना नमस्कार करायचा का? दिवसातून दहा वेळा तोच माणूस समोर आला तर काय करायचं ते कळत नाही.

कट्टेकर:
दिशेचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. कट्ट्याची फेरी सुमारे १.१७ किलोमीटर. तुमचा वेग ताशी १०, चालणाऱ्यांचा धरा ताशी ५. त्यांच्याच दिशेने धावलात तर एका माणसाला तुम्ही दर १४ मिनिटांनी गाठता, तासात चारदा, पण दरवेळी पाठीमागून. उलट दिशेने धावलात तर तोच माणूस पावणेपाच मिनिटांनी समोर येतो, तासात बारा-तेरा वेळा, पण दरवेळी तुम्ही त्याला आधी दिसता. म्हातारी माणसं दचकतात ती मागून अंगावर आलेल्या पावलांना. दचकून बाजूला पाय पडला, तिथे झाडाचं मूळ किंवा उचकटलेला पेव्हर ब्लॉक असला, की माणूस पडतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक लोक ज्या दिशेने चालत असतील त्याच्या उलट धावा आणि आपली डावी बाजू सोडू नका.

आता हाक. मागून जायची वेळ आलीच तर "काका, उजवीकडून!" असं कधीही ओरडू नका. धापेत बोललेल्या शब्दातलं "उजवी" तेवढं ऐकू जातं, पुढे "कडून" होतं की "कडे" ते हवेत विरतं, आणि काका नेमके उजवीकडे सरकतात, म्हणजे तुमच्याच वाटेत. दिशा सांगूच नका. दहा-बारा मीटर मागे असताना मोठ्याने पण शांत आवाजात "नमस्कार, येतेय हं" म्हणा. तुमच्या आणि त्यांच्या वेगातला फरक सेकंदाला जेमतेम दीड मीटर, म्हणजे त्यांना सात सेकंद मिळतात. एवढ्यात माणूस मान वळवतो, तुम्हाला बघतो, शेजारच्याला कोपर लावतो आणि ओळ आपोआप आत येते. हीच हाक दोन मीटरवरून दिली तर दीड सेकंदही मिळत नाही, मग तिचा उपयोग हॉर्नइतकाच.

हाक दिल्यावर वेग किंचित कमी करा. वाट मोकळी होईपर्यंत फुटपाथच्या कडेच्या फटीत घुसू नका. शेजारून जाताना हातभर अंतर ठेवा, पुढे गेल्यावर चार-पाच पावलं सरळ जाऊनच आपल्या बाजूला या. लगेच आत वळलात तर त्यांना पाऊल आखडावं लागतं, आणि गुडघे दुखणाऱ्यांना तेच जड जातं. "धन्यवाद" मान न वळवता म्हटलं तरी पोचतं.

टेम्पोवाला_७६:
कट्टेकर, हाकेबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. दिशेबद्दल नाही. समोरासमोर असताना दोघांचे वेग एकत्र होतात. सेकंदाला चार मीटरच्या वर. दहा मीटरवर एकमेकांना पाहिलं तरी अडीच सेकंदांत भेट. मोकळ्या फुटपाथवर ते पुरतं, पण चौघं गप्पा मारत येत असतील तर अडीच सेकंदांत कोणी कुठल्या बाजूला व्हायचं ते ठरत नाही. दोघंही एकाच बाजूला सरकतात, मग परत दुसऱ्या बाजूला. जानेवारीत मुंबईत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे सव्वासहाला अंधार. अशा वेळी "आधी दिसता" हेही खरं नाही, शिवाय कपाळावर दिवा बांधून समोरून येणारा धावक म्हणजे चालणाऱ्यांच्या डोळ्यांवर झोत. दिवा हवाच असेल तर तो कमरेला, जमिनीकडे तोंड करून.

माझा सल्ला असा. पावणेसात वाजेपर्यंत, फुटपाथ विरळ असताना, उलट दिशेने धावा. गर्दी दाटली की लोकांच्याच दिशेने वळा आणि हाक देत जा. अर्ध्या वेळाने दिशा बदलल्याचा आणखी एक फायदा: रोज एकाच बाजूला वळण घेतल्याने एकाच पायावर येणारा ताण दोन्ही पायांत वाटला जातो.

आणि इंटरव्हल (मधे मधे जोरात धावणं) किंवा स्प्रिंट सव्वासहानंतर कट्ट्यावर अजिबात नको. जोरात धावताना माणसाचं लक्ष घड्याळाकडे असतं, समोरच्या आजींकडे नसतं. त्यासाठी प्रियदर्शिनी पार्कचा सिंथेटिक ट्रॅक आहे. तिथेही सर्वात आतली लेन वेगात धावणाऱ्यांची, जॉगिंग आणि चालणं बाहेरच्या लेनमधून.

पहाटपाऊल:
नमस्काराच्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या भेटीला "नमस्कार" किंवा "गुड मॉर्निंग", तोंडाने. दुसऱ्या फेरीला मान हलवायची. तिसरीपासून नुसती नजर मिळाली तरी पुरे, तीही नाही मिळाली तर काही बिघडत नाही. दर फेरीला नमस्कार केला तर समोरच्यालाही दर फेरीला उत्तर द्यावं लागतं, आणि चालताना श्वास पुरत नसलेल्यांना ते ओझं होतं. समोरून येणारा धावक उत्तर देत नसेल तर तो वेगात असेल. त्या वेगाला दोन शब्दही बोलता येत नाहीत. बहुतेक जण कमरेजवळच्या हाताची दोन बोटं उचलतात, तोच त्यांचा नमस्कार. नीट बघितलं तर दिसतो.

हाक मारताना नातं जपून लावा. सत्तरीच्या गृहस्थांना "काका" किंवा "आजोबा" आवडतं, पण चाळिशीच्या बाईंना मागून "काकू" म्हणू नका. "ताई" चालतं, नुसतं "नमस्कार" सर्वात सुरक्षित.

आता पुरुष धावकांसाठी, आणि हे पूर्ण गांभीर्याने वाचा. अंधारात एकट्या बाईच्या मागे पाच-दहा मीटरवर, तिच्याच वेगाने धावत राहू नका. तुमच्या मनात काही नसतं, पण तिला फक्त पावलं ऐकू येतात, आणि ती वेग वाढवते, थांबते किंवा फेरी सोडते. पुढे जायचं असेल तर लांबून आवाज द्या, रुंद अंतर ठेवून जा आणि जाऊन दूर व्हा. जायचं नसेल तर थांबून लेस बांधा, ५० मीटरचं अंतर पडू द्या. कुणाला न विचारता "टाच आधी टेकवू नका", "हात असे धरा" असले धडे देऊ नका. वेग विचारू नका, न विचारता कुणाचा फोटो काढू नका. कुणी लंगडताना किंवा गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेलं दिसलं तर मात्र थांबून एकदा नक्की विचारा: "बरं आहे ना? पाणी हवंय?" नको म्हटलं की निघायचं. छातीत दुखतंय म्हटलं तर त्यांना बसवा, १०८ ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत जवळ थांबा.

सिली_पॉइंट:
फुटपाथ भरला म्हणून मैदानात उतरणाऱ्यांसाठी. नेट्समध्ये सीझन बॉल असतो, वजन १५६ ते १६३ ग्रॅम. नेटच्या मागून जाताना जाळीला खेटून जाऊ नका, जाळी ताणून बॉल हातभर बाहेर येतो. खुल्या पिचवर खेळ चालू असेल तर बोलरच्या पाठीमागून, म्हणजे बॅट्समनच्या नजरेच्या रेषेतून, रनअप सुरू असताना कधीही जायचं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर काही हललं की बॉल हातातून सुटतानाचा क्षण हुकतो, आणि तो बॉल त्याच्या अंगावर जातो. कडेला थांबा, बॉल कीपरकडे किंवा बोलरकडे परत गेला की पार व्हा. तुमच्याकडे आलेला बॉल लाथेने ढकलू नका, उचलून जवळच्या फिल्डरला खालून टाका. उन्हाळ्यात लाल माती उडते, तेव्हा मैदानाच्या कडेने पाय घासत धावलं तर ती सगळी कट्ट्यावर बसलेल्यांच्या तोंडावर जाते.

नवी_फेरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. दिशेचं टेम्पोवाला_७६ म्हणतात तसं करीन, हाक कट्टेकरांची. दोन शंका राहिल्या. एका कानात इअरफोन चालतो का? आणि धावून झाल्यावर स्ट्रेचिंग कट्ट्यावर केलं तर?

कट्टेकर:
इअरफोन डाव्या कानात, उजवा मोकळा. आपण डावीकडून धावतो, म्हणजे मागून येणारा उजवीकडून पुढे जाणार. आवाज इतकाच ठेवा की शेजारच्याचं साधं बोलणं कळेल.

कट्ट्यावर बूट ठेवू नका. लोकांना तो पाय टेकायचा ओटा वाटतो, पण ती बसायची जागा आहे. अर्ध्या तासाने तिथे कुणी पांढऱ्या लेंग्यात येऊन बसणार असतं, पावसाळ्यात तर बुटाचा चिखल सबंध उमटतो. पोटऱ्या ताणायला कट्ट्याला नुसते हात टेका, मागची टाच जमिनीवर दाबून ठेवा, ३० सेकंद एक पाय. मांडीचा मागचा भाग ताणायचा असेल तर टाच फुटपाथच्या कडेवर ठेवा, तेवढी उंची पुरते. आणि ग्रुपने गोल करून उभे राहणार असाल तर फुटपाथवर नको, मैदानाच्या आत जा.

टेम्पोवाला_७६:
एक राहिलं. कुत्रा घेऊन चालणारा पुढे असेल तर मालकाच्या बाजूने जा, कुत्र्याच्या बाजूने नाही, आणि दोघांच्या मधून तर नाहीच, पट्टा पायात येतो. मोकळी कुत्री भुंकत मागे लागली तर धावणं थांबवून चालू लागा, डोळ्यांत बघू नका. पावसात छत्रीवाल्यांना निदान मीटरभर लांबून पार करा. छत्रीच्या काड्या बरोबर आपल्या डोळ्यांच्या उंचीला येतात, आणि छत्रीखालच्या माणसाला बाजूचं काही दिसत नाही.

पहाटपाऊल:
आणि ६ डिसेंबरच्या आधीचे दोन-तीन दिवस शिवाजी पार्क सोडा. महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर येणारी हजारो माणसं मैदानातच मुक्कामाला असतात, पहाटे तिथे लेकरं झोपलेली असतात. त्या दिवसांत मरीन ड्राइव्हला जा. सात तारखेला सकाळी आलात तर सोबत एक गोणपाट आणि हातमोजे आणा. आवरायला हात लागतात, आणि धावणारे दहा-बारा जण मिळाले तर एका फेरीत कट्ट्याची कड साफ होते.