जॅक्सन कायदा शिकले कुठे?
अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश रॉबर्ट जॅक्सन यांच्याबद्दलचं 'ते लॉ कॉलेजात गेलेच नाहीत' हे विधान अर्धंच खरं आहे. १९११-१२ चं एक वर्ष त्यांनी ऑल्बनी लॉ स्कूलमध्ये काढलं, फक्त एलएल.बी. न घेता, प्रमाणपत्रावर बाहेर पडले. बाकीचं शिक्षण जेम्सटाउनच्या वकिली ऑफिसात, उमेदवारी करून. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा हा मार्ग रीतसर होता, पण बारची परीक्षा चुकत नसे. ती देऊन १९१३ मध्ये, एकविसाव्या वर्षी सनद मिळाली.

आणि जॅक्सनना सुप्रीम कोर्टाचे 'कायद्याची पदवी नसलेले शेवटचे न्यायाधीश' म्हणताना जरा जपून. नेमणूक (१९४१) धरली तर ठीक. पण कायद्याची पदवी नसलेले स्टॅन्ली रीड १९५७ पर्यंत त्याच सुप्रीम कोर्टात होते. जॅक्सन १९५४ मध्येच वारले.