शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेआधी भरला की शेवटच्या दिवशी? आपले अनुभव लिहावेत

सांजवात : काल सेतू केंद्रासमोरच्या रांगेत शेजारची मुलगी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभी दिसली आणि मला २०१८ साल आठवले. कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क सुटणार होते, आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज सुरू झाले तरी ‘अजून महिना आहे’ म्हणत मी स्वस्थ होतो. शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ उघडेना. उघडले तेव्हा ध्यानात आले की घरातला दाखला आदल्या आर्थिक वर्षाचा असून त्याची मुदत ३१ मार्चलाच संपली आहे. नवा हाती पडेपर्यंत तारीख उलटली. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले आणि मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

रानजाई : मी एका महाविद्यालयात याच अर्जांची छाननी करते. सुरुवातीला आलेल्या अर्जात शिक्षणात खंड पडल्याचे प्रमाणपत्र नसले, आधारवरील नाव गुणपत्रिकेशी जुळत नसले, तर आम्ही तो परत पाठवतो आणि विद्यार्थी दुरुस्त करून पुन्हा सादर करतो. तीच चूक अखेरच्या दिवशी आली, तर दुरुस्तीला दिवसच उरत नाही. लवकर अर्ज करणाऱ्याला पैसे जास्त मिळत नाहीत, चुका करायची सवलत मिळते.

वेलांटी : आमच्याकडे ‘पांडुरंग’मधल्या एका उकारापायी तीन फेऱ्या झाल्या. शुद्धलेखनाविषयी एवढा आग्रह शाळेतही कोणी धरला नव्हता.

घाटमाथा : माझा अर्ज पहिल्या आठवड्यातच गेला होता, मंजूरही झाला, तरी रक्कम येईना. शेवटी कळले की आधार जोडलेले खाते शाळेत असताना उघडलेले होते आणि ते केव्हाच निष्क्रिय झाले होते. अर्जाआधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे ते पाहावे.

दूरदेशी : मुलीच्या वेळी अमेरिकेत हेच अनुभवले. येथे नागरिकांना व ग्रीन कार्डधारकांना संघराज्याच्या मदतीसाठी ‘फाफ्सा’ अर्ज भरावा लागतो. तो एरवी १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. २०२४-२५ चा मात्र डिसेंबर २०२३ च्या अखेरीस उघडला आणि आम्ही तीन महिने ताटकळलो. पेल हे संघराज्याचे अनुदान पात्रतेवर मिळते, त्यामुळे मागे राहिलेल्याचाही तो हक्क जात नाही. पण इलिनॉयसारख्या राज्याचे अनुदान निधी असेपर्यंतच दिले जाते, म्हणून तेथे उशीर खरोखर महाग पडतो.

ओसरी : रानजाईताई, २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले आहे ना? मग बहिणीने अर्ज कशाला भरायचा?

रानजाई : माफी आपोआप लागू होत नाही, अर्ज भरावाच लागतो. ‘आता फुकटच आहे’ असे समजून थांबलेल्या मुली दरवर्षी माझ्या टेबलासमोर येतात.

सांजवात : घाटमाथा, तुमचा प्रतिसाद शेजारच्या मुलीला वाचून दाखवला. तिचेही खाते शाळेतलेच निघाले. उद्या सकाळी आम्ही दोघे बँकेत जात आहोत.