अनुभव धागा : पूर असो वा युद्ध, तुमच्या घरात काय ठरलंय?

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाचा युद्धसराव (मॉक ड्रिल) झाला. कोल्हापुरात त्या आठवड्यात दूध घ्यायला जा, नाहीतर तालमीच्या कट्ट्यावर बसा, विषय एकच होता. किराणा किती भरायचा, बँकेतून पैसे काढायचे का, पोराला पुण्याहून बोलवून घ्यायचं का. घाबरण्यापेक्षा एकमेकांना विचारलेलं बरं, म्हणून हा धागा काढतोय.

वेढा पडलेल्या गावात राहणं काय असतं, हे आपण बघितलेलं आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. 2019 ला शिरोलीजवळ महामार्ग जवळपास आठवडाभर बंद होता. भाजी नाही, दूध नाही, पंपावर पेट्रोल अत्यावश्यक सेवांसाठी राखलेलं. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्याखाली, त्यामुळे चारी बाजूंनी पाणी आणि घरातला नळ कोरडा. युद्धात याहून वेगळं बरंच काही असतं, पण घर अडकून पडतं ते असंच.

सामानाच्या याद्या कुठेही मिळतात. मला हवंय ते हे : कोणी काय करायचं हे तुमच्या घरात आधी ठरलं होतं का, आणि वेळ आली तेव्हा ते चाललं का?

प्रयाग चिखली, शेतकरी

आमच्यात फूट बघून काम चालतंय. बंधारा 35 वर गेला की वैरण उंचावरच्या सोनतळीला न्यायला सुरुवात. 39 ला जनावरं हलवायची, मग आभाळ उघडलेलं असू दे, ऊन पडलेलं असू दे. राधानगरीचे सात दरवाजे आपोआप उघडत्यात, धरण भरलं की ती रात्र बघत न्हाईत, दिवस बघत न्हाईत. म्हणून पावसाळ्यात घरातला एकजण जागा. पाळ्या लावलेल्या असत्यात.

गोठ्यात पाणी शिरल्यावर म्हस जाग्याची हलत न्हाई, हे बाहेरच्या माणसाला पटत न्हाई. तिला ओढून नेता येत न्हाई. म्हणून पाणी यायच्या आधीच न्यायची, आणि तेवढा वेळ मिळाला न्हाई तर दावं सोडून द्यायचं. मोकळं जनावर पोहत जातंय, बांधलेलं जात न्हाई. कोयता गोठ्याच्या दारालाच अडकवलेला असतोय.

आमचा आज्जा घर सोडायला तयार नसतोय. त्यो ऐकतोय फक्त धाकट्या नातवाचं. म्हणून त्येला काढायचं काम धाकट्याचं, दुसऱ्या कुणी त्यात बोलायचं न्हाई. हे ठरल्यापासून दारात भांडण होत न्हाई आणि वेळ वाचतोय.

शाहूपुरी, कुंभार गल्ली

आमचं घर आणि कारखाना एकच. पूर येतो तो गणपतीच्या तोंडावर, म्हणजे वर्षाची सगळी कमाई जमिनीवर मांडलेली असते तेव्हा. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लास्टरची फुगते, रंग जातो. 2019 ला गल्लीत काय झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलं असेल.

आता जूनमध्येच उंचावरच्या भागात गाळा भाड्यानं घेतो. तयार झालेली मूर्ती लगेच तिकडे जाते, गल्लीत फक्त चालू काम. भाडं जातं, पण झोप लागते. घराची तयारी म्हणताना लोक धान्य आणि कागदपत्रं धरतात, पोटापाण्याची हत्यारं धरत नाहीत. शिलाई मशीन, साचे, कंप्रेसर, लॅपटॉप, ज्याच्यावर घर चालतं ते कुठं जाणार हेही ठरवा. पाणी ओसरल्यावर मदत येते ती धान्याची येते, साच्यांची कोणी देत नाही.

गडहिंग्लज, एक आई

माझी मुलगी युक्रेनमधल्या खारकिव्हला वैद्यकीय शिक्षण घेत होती. 24 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे तिचा फोन आला, "आई, आवाज येतायत." त्यानंतर ती वसतिगृहाच्या तळघरातच होती. इकडे आम्ही टीव्हीसमोर बसून होतो. तेव्हा काय उपयोगी पडलं, तेवढंच लिहिते.

पहिलं, पासपोर्ट आणि रोख रक्कम तिच्या अंगावर होती. एटीएमसमोर रांगा लागल्या होत्या आणि कार्ड चालेलच याचा भरवसा नव्हता. दुसरं, आम्ही फोनची वेळ ठरवून घेतली. सकाळी एक निरोप, रात्री एक, दोन्ही शब्दांत छोटे. मधे कोणी फोन करायचा नाही, मामाने नाही, आत्याने नाही. सगळे नातेवाईक मला विचारायचे, मी एकटी तिच्याशी बोलायचे. सगळ्यांनी फोन केले असते तर त्यातच तिची बॅटरी गेली असती. पॉवर बँक फक्त त्या दोन निरोपांसाठी.

तिसरं खायचं. तिच्याकडे घरून नेलेलं भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट होतं. शिजवायला काही मिळत नव्हतं, तिथे हे चाललं. तळघरात तहान किती लागते हे ती नंतर सांगत होती, आणि पाणी मोजून प्यायचं म्हटलं की तिखट-खारट खाणं नको होतं. म्हणून घरी काही साठवणार असाल तर गूळ, खजूर, साधे चुरमुरे असंही ठेवा.

2 मार्चला भारतीय दूतावासाने खारकिव्ह तातडीने सोडा, वाहन नसेल तर चालत निघा, असं कळवलं. जवळच्या पिसोचिन गावापर्यंत ही मुलं बर्फातून चालत गेली. ज्यांनी मोठ्या बॅगा घेतल्या होत्या त्यांनी वाटेत टाकून दिल्या. मुलीच्या पाठीवर शाळेच्या दप्तराएवढी पिशवी होती, ती शेवटपर्यंत राहिली. आता आमच्या घरात प्रत्येकाची अशी एक पिशवी आहे आणि ती पाठीवर घेऊन जिना उतरता आला पाहिजे, एवढाच नियम. माझे सासरे अठ्ठ्याहत्तरचे आहेत, त्यांच्या पिशवीत गोळ्या, चष्मा, एक धोतर आणि आधार कार्डाची प्रत. बस्स.

आजरा

1971 ला मी शाळकरी. वडील मुंबईत गिरणीत, आम्ही लालबागच्या चाळीत. डिसेंबरात ब्लॅकआऊट असायचा. खिडक्यांच्या काचांना काळे कागद डकवलेले, मोटारींच्या दिव्यांवर वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग. भोंगा झाला की दिवे बंद. खालून वॉर्डन ओरडत जायचा आणि ज्या खोलीतून फट दिसायची त्या खोलीचा नंबर पुकारायचा. आईने भोंग्याआधी जेवणं उरकायची वेळ ठरवली होती, स्टोव्ह अंधारात पेटवायचा नाही म्हणून.

सगळ्यात जास्त भीती अफवांची होती. चाळीत एका बिऱ्हाडाकडे रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्या सगळे तिथे ऐकायचे आणि त्या सोडून दुसरं काही जिन्यात बोलायचं नाही, असं चाळीतल्या वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि मे महिन्यात माझ्याकडे एका दिवसात जे फिरत आलं त्यातलं निम्मं खोटं निघालं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मी सांगून ठेवलंय, आकाशवाणी किंवा जिल्हाधिकाऱ्यांचं अधिकृत पान सोडून कुठलंही काही पुढे पाठवायचं नाही. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घ्या. टॉवर बंद पडला की त्याची किंमत कळते.

मूळ राजारामपुरी, सध्या गोथेनबर्ग (स्वीडन)

आजऱ्याच्या काकांच्या रेडिओबद्दल पूर्ण सहमत. इथे 2024 च्या शेवटी सरकारने घरोघरी टपालाने पुस्तिका पाठवली, संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं याची. निदान एक आठवडा आपलं आपण भागवा, मोठ्या माणसाला दिवसाला किमान तीन लिटर पाणी धरा, सेलवरचा रेडिओ ठेवा, असं त्यात आहे. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीनला भोंग्यांची चाचणी होते. माझी मुलगी बालवाडीत आहे, तिला तो आवाज ओळखू येतो आणि ती घाबरत नाही.

मला यातली सरकारी शिस्त आवडली, पण आठवडाभराचा हिशेब वाचताना आईच आठवली. ती दर मृगाला पंधरा दिवसांचं धान्य, डाळी, काड्यापेट्या, कांदा-लसूण मसाला माळ्यावर चढवते. तिला कोणी पुस्तिका दिली नव्हती.

लक्ष्मीपुरी, औषध दुकान

औषधांबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुरात सगळ्यात जास्त धावपळ याचीच होते.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, फिट्स यांच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घरात असाव्यात. जून ते सप्टेंबर शेवटच्या पाकिटापर्यंत थांबू नका. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये हवा आणि औषधाचं मूळ नाव कागदावर हवं, कारण छावणीत तुमच्या कंपनीचीच गोळी मिळेल असं नाही. न उघडलेलं इन्शुलिन फ्रिज बंद पडल्यावर लगेच वाया जात नाही. मडक्यात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, उन्हापासून लांब, ते साधारण चार आठवडे टिकतं. ते थेट बर्फात मात्र ठेवू नका, गोठलं की टाकून द्यावं लागतं.

डायलिसिसचा रुग्ण असेल तर इशारा पातळीची वाट बघायची नाही. हॉस्पिटल नदीच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, तिथून चालत जाता येईल अशा नातेवाइकाकडे आधीच मुक्काम हलवा. बाळंतपण जवळ आलेल्या सुनेचंही तेच.

पाणी उकळा. गॅस जपायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या टाका, पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर गोळीचा उपयोग होत नाही. चिखलात उतरून साफसफाई करणाऱ्यांना लेप्टोचा (उंदरा-जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. आरोग्य केंद्रातून गोळ्या देतात त्या सांगतील तशा घ्या, स्वतःच्या मनाने नको.

वायरमन, करवीर तालुका

थोडक्यात. निघताना मेन स्विच बंद, गॅसचं बटण बंद, सिलिंडर खांबाला बांधून ठेवा, नाहीतर तो तरंगत जातो. परत आल्यावर भिंती ओल्या असताना मेन चालू करू नका, वायरमनला दाखवा. जनरेटर घरात लावू नका, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास येत नाही आणि झोपेत माणूस जातो. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर आजच वर घ्या.

सैनिक टाकळी, शिरोळ

आमच्या गावात पहिल्या महायुद्धापासून घरटी कोणीतरी फौजेत. कारगिलच्या वेळी माझे मिस्टर सरहद्दीवर होते. सुट्टीवरून जाताना त्यांनी मला एक वही दिली. बँकेची खाती, विम्याचे नंबर, वारस म्हणून कोणाचं नाव, सात-बाऱ्याचे गट नंबर, कोणाकडून किती येणं, युनिटचा पत्ता, सैनिक कल्याण कार्यालयात कोणाला भेटायचं, सगळं त्यांच्या हाताने लिहिलेलं. मला तेव्हा ती वही हातात घ्यायलाही नको वाटायची. पण महिनाभर पत्र आलं नाही तेव्हा घर मी त्या वहीवर चालवलं.

2019 ला कृष्णेचं पाणी गावात आलं, बोटीत बसताना मी घेतलं ते तेच. पंचनामा, बँक, विमा, सगळीकडे मी एका दिवसात आकडे सांगितले. शेजारच्या बाईंना नवऱ्याच्या खात्याचा नंबरसुद्धा माहीत नव्हता, त्यांची फरफट मी बघितली. बायकांनो, ही वही तुमच्या हातात हवी. डिजिलॉकरमध्ये कागद जरूर ठेवा, पण चार्जिंग संपल्यावर कागदाची वहीच उघडते. दर दिवाळीला आम्ही दोघं बसून ती नवी करतो.

कुरुंदवाड

एक विचारायचं आहे. माझी आई अंथरुणाला खिळून आहे, वजनही जास्त. बोटीत तिला कसं घ्यायचं याचीच मला भीती वाटते. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला उलटलेली बोट आठवते. कोणी असं माणूस हलवलंय का?

प्रयाग चिखली, शेतकरी

ताई, आम्ही चुलतीला हलवलंय. बोटीपर्यंत वेळ येऊ देऊ नका. पाणी रस्त्यावर यायच्या आधी, गाडी जातीय तोवरच काढायचं. जाड सतरंजीची झोळी करून चार माणसं लागत्यात, दोन न्हाई जमत. ती चार माणसं आत्ताच सांगून ठेवा, आणि एकदा मे महिन्यात झोळीतून दारापर्यंत नेऊन बघा, दारातनं वळती का ते कळतंय. आमच्यात जिन्याचा कठडा काढायला लागला होता. तालुक्याच्या यादीत अंथरुणावरचा रुग्ण म्हणून नाव द्या, 1077 ला (जिल्ह्याचा आपत्तीचा नंबर) पण कळवून ठेवा. तुमची गल्ली कुठली ते लिहा, आमचं पाव्हणं हाईत कुरुंदवाडात, त्यांना सांगतो.